‘कमवा आणि शिका’त खरंच मित्र होतात का? बावीस वर्षं मस्टर सांभाळणाऱ्या बाईचं उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. एस.वाय.बी.एस्सी.ची मुलगी, गावाकडून शहरात आलेली, ‘कमवा आणि शिका’मध्ये, म्हणजे कॉलेजातच रोज काही तास काम करून मानधन मिळवायच्या योजनेत, नाव लागलंय, काम मिळालंय लायब्ररीत, सकाळी सात ते दहा. जोडीला दिलीय ती एम.ए.ची, लग्न झालेली, पदरात एक मूल, आणि ती अख्ख्या आठवड्यात ‘सरक जरा’ आणि ‘फडकं कुठंय’ याच्यापलीकडं काही बोललेली नाही. वर्गातल्या मुली पुस्तक बदलायला आल्या की हिला रॅकमागं लपावंसं वाटतं. सगळे सांगतात की या योजनेत जन्माचे मित्र मिळतात, तर ते खरं का, आणि शिफ्ट बदलून गावाकडच्या मैत्रिणीसोबत घेऊ का, असं विचारलंय.

अगं, शिफ्ट बदलू नकोस. निदान दिवाळीपर्यंत तरी नको. का ते सांगते, जरा लांबण लागेल, कारण बावीस वर्षं मी हेच बघतेय. कॉलेजची ग्रंथपाल आहे, कमवा-शिकाच्या पोरांचं मस्टर, म्हणजे हजेरीचं रजिस्टर, माझ्याच टेबलावर असतं आणि त्याआधी मी स्वतः तीन वर्षं तसल्याच मस्टरवर सही करत होते, फक्त कॉलेज वेगळं होतं.

जन्माचे मित्र मिळतात हे खरंय, पण आपण ज्यांच्यावर डोळा ठेवून असतो ते नाही मिळत, भलतेच मिळतात. दरवर्षी जुलैत माझ्याकडं पंधरा-वीस पोरं येतात आणि जवळपास प्रत्येक जण पहिल्या दिवशी हळूच येऊन एकच मागणं करतो, मॅडम मला ह्याच्यासोबत टाका ना, आमच्याच गावचा आहे, किंवा रूमवरचा आहे, किंवा आम्ही अकरावीपासून एकत्र आहोत. पहिली दोन-तीन वर्षं मी टाकायची. मग लक्षात आलं की दोन गाववाले एका शिफ्टला टाकले की गणपतीपर्यंत नुसत्या गावच्या गप्पा, आणि दसऱ्यापर्यंत भांडण, की तू उशिरा येतोस आणि पुसायचं काम मलाच पडतं. वर ते भांडण गावापर्यंत जातं. आता मी मुद्दाम लांबची जोडी लावते, विषय वेगळा, जिल्हा वेगळा, जमलं तर वयसुद्धा वेगळं. तुझ्या मॅडमनी पण बहुतेक तेच केलंय, त्यांच्यावर चिडू नकोस.

एक जोडी सांगते, नावं घेत नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, एप्रिल-मे मध्ये आमची पुस्तक पडताळणी चाललेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लायब्ररीतलं प्रत्येक पुस्तक खरंच जाग्यावर आहे का ते एकेक करून बघायचं असतं. एकाने रॅकवरून पुस्तक ओढायचं, शिक्क्याखालचा दाखल नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्याने रजिस्टरमध्ये त्या नंबरपुढं टिक मारायची. आमच्याकडं अडतीस हजारांवर पुस्तकं, पंखा एकच आणि तोही दुसऱ्या टोकाला. वाचणारा होता मिरजेचा, कॉमर्सचा, तोंडाला कुलूप म्हणून नाही. टिक मारणारा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा, आश्रमशाळेत शिकून आलेला, घरी पावरी ही तिकडची आदिवासी बोली बोलणारा, आणि मराठी बोलताना आधी डोक्यात वाक्य लावून मग बोलणारा, त्यामुळं लोकांना वाटायचं हा शिष्ट आहे.

तर मिरजेच्या पोराला सवय की शून्याला भोपळा म्हणायचं. क्रिकेटमध्ये म्हणतो तसं. तीन भोपळा भोपळा एक सात. तीन भोपळा भोपळा एक नऊ. पाच-सात नंबर झाले आणि धडगावचा पोरगा पेन ठेवून गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, भोपळा कुठं लिहू? मी बाजूच्या टेबलावर होते, मला आधी कळलंच नाही की ही चेष्टा आहे का खरं. खरं होतं. त्याला भोपळा म्हणजे वेलीवरचा तेवढाच माहीत. मिरजेचा हसायला लागला, मला वाटलं आता हे बिनसणार, मी उठणारच होते, तेवढ्यात तोच म्हणाला की हसू नको तर काय करू, माझ्या घरात तर भोपळा म्हणजे शून्य नाहीच, आमचं सगळं घर भोपळ्यावर चालतं. त्याचे वडील तानपुरे-सतारी बनवणाऱ्या कारखान्यात कारागीर. मिरजेचं ते जुनं काम, ठाऊक असेल. पंढरपूरकडून मोठे कडू भोपळे येतात, ते वाळवलेले असतात, मग भिजवायचे, कापायचे, आकार द्यायचा, पुन्हा वाळवायचे, ते सगळं त्यानं हातातलं पुस्तक भोपळ्यासारखं धरून करून दाखवलं. आणि धडगावचा पोरगा, जो आठवड्यात दहा वाक्यं बोलत नव्हता, तो म्हणाला, आमच्याकडं होळीला कमरेला बांधतात. वाळलेले भोपळे आणि घुंगरं, आणि रात्रभर नाचतात.

संपलं. त्या दिवशी पडताळणी किती झाली ते विचारू नका. मी ओरडले सुद्धा. पण पुढं महिनाभर त्या दोघांचा जो सूर लागला तो मी परत कुठल्या जोडीचा बघितला नाही, नंबर वाचायचा वेग असा की मला रजिस्टरची पानं आधीच काढून ठेवावी लागायची. पुढच्या होळीला मिरजेचा पोरगा काठीला जाऊन आला, अक्कलकुवा तालुक्यातली ती राजवाडी होळी, जी पहाटे पेटवतात. दोन दिवसांनी शिफ्टला आला तेव्हा डोळे लालभडक, मस्टरवर सही करता करता पेंगत होता. आज एक जण बँकेत आहे आणि दुसरा सातपुड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे, आणि फोन लागला की पहिला शब्द ‘काय रे भोपळ्या’ असतो, हे मला त्यातल्याच एकानं सांगितलं.

आता ही जोडी मी लावली म्हणून जुळली असं मी म्हणणार नाही, भोपळ्याचा योग मला काय माहीत. पण एक गोष्ट मला पक्की कळलीय. माणसं समोरासमोर बसवली की एकमेकांना जोखतात, कपडे बघतात, भाषा बघतात, आडनावावरून अंदाज लावतात. (लावतात हो, आपल्याकडं अजूनही लावतात, उगाच खोटं कशाला बोलू.) पण शेजारी शेजारी उभं करून दोघांचे हात एकाच कामात घातले की नजर कामावर असते आणि तोंड मोकळं राहतं. मग माणूस असलं काही बोलून जातो जे कँटीनमध्ये चहा पिताना कधीच बोलला नसता.

आणि हे काय मी शोधलेलं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं, आणि १९४७ ला साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं तेच मुळी कमवा आणि शिका या तत्त्वावर. पोरांनी राबायचं आणि शिकायचं. पुढं विद्यापीठांनी ही योजना उचलली. आपण भाषणात फक्त स्वावलंबनाचा भाग सांगतो, पोरं स्वतःच्या पायावर उभी राहिली वगैरे. पण त्या बोर्डिंगची खरी अवघड गोष्ट दुसरीच होती, की सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंगतीत जेवायची आणि एकाच कामावर जायची, त्या काळात. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण एकत्र राबवणं हाच अर्धा अभ्यासक्रम होता हे विसरतो आपण. आता आमच्याकडं मीटिंगमध्ये योजनेवर बोलतात ते तास किती झाले आणि निधी किती खर्च झाला एवढंच.

बरं, कुठल्या कामात मैत्री लवकर होते असंही बरेच जण विचारतात. माझ्या बघण्यात बाग एक नंबर. खुरपताना तोंड चालू राहतं, आळी करताना एकाने माती ओढायची दुसऱ्याने पाणी सोडायचं, माळीकाका ओरडतात ते दोघांना मिळून ओरडतात, आणि एकत्र शिव्या खाल्लेली माणसं लवकर जवळ येतात. मेसचं काम पण चांगलं. सगळ्यात वाईट ऑफिसमधलं कॉम्प्युटरचं काम, ज्याच्यासाठी सगळ्यांची मारामारी असते, कारण सावली, खुर्ची आणि नेट. तिथं कानात इअरफोन घालून दोन पोरं दोन वर्षं शेजारी बसली आणि एकमेकांचं गाव माहीत नाही अशी उदाहरणं आहेत माझ्याकडं. प्रयोगशाळेचं मधलं मधलं, काचेची भांडी धुताना फुटेल या धाकानं कुणी बोलत नाही.

लायब्ररी मात्र विचित्र जागा आहे. इथं बोलायचंच नसतं. म्हणून इथली मैत्री वेगळ्या वाटेनं येते, आणि त्यातली एक गोष्ट तर मी अजून नव्या बॅचला सांगते.

सकाळच्या शिफ्टला एक बी.ए.ची मुलगी होती, शेल्व्हिंगचं काम, म्हणजे परत आलेली पुस्तकं विषयाच्या नंबरप्रमाणं जाग्यावर लावायची. पोरगी इतकी चोख की एक पुस्तक इकडचं तिकडं चालायचं नाही तिला. एके दिवशी तिला ९२० च्या फळीवर, म्हणजे चरित्रांच्या रांगेमागं, भिंतीला टेकवून ठेवलेलं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं जाडजूड पुस्तक सापडलं. त्याची जागा ५४७ ला. तिनं नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत तिथंच. परत नेऊन ठेवलं. तिसऱ्या दिवशी परत. आता लायब्ररीत काम केलेल्यांना हे कळलंच असेल, पुस्तक लपवणं हा जुना धंदा आहे, परीक्षा जवळ आली की आपल्याला हवं ते पुस्तक दुसऱ्याला सापडू नये म्हणून पोरं भलत्याच फळीत खुपसून ठेवतात. तिनं माझ्याकडं तक्रार करायला हवी होती. केली नाही. एका डेट स्लिपच्या मागं लिहून पुस्तकात ठेवलं: हे ५४७ चं आहे, इथं कोण ठेवतंय?

उत्तर आलं. मला सात दिवसांत होत नाही, विकत घ्यायला झेपत नाही, राहू द्या ना. लिहिणारा होता संध्याकाळच्या शिफ्टचा पोरगा, टी.वाय. केमिस्ट्री, म्हणजे कमवा-शिकाचाच. शिफ्ट वेगळ्या, त्यामुळं दोघांनी एकमेकांना कधी बघितलेलं नाही. हिनं त्यावर काय लिहावं? इथं ठेवू नका, शुक्रवारी मॅडम चरित्रं बघतात, नकाशांच्या कपाटामागं ठेवा. बघा म्हणजे, माझ्याच लायब्ररीत माझ्याच पोरीनं चोराला चांगली जागा दाखवली.

हे दोन-तीन आठवडे चाललं. मला सापडलं ते वेगळ्याच कारणानं, नकाशांच्या कपाटाला वाळवी लागली म्हणून ते ओढलं आणि मागून पुस्तक पडलं, त्यात सात-आठ चिठ्ठ्या. शेवटच्या चिठ्ठ्यांमध्ये केमिस्ट्रीचा विषयच नव्हता. तिच्या भावाला बारावीत केमिस्ट्री जड जात होती, ते होतं. त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, ते होतं. एका चिठ्ठीत तर फक्त, आज मेसमध्ये मटकी चांगली होती.

दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ती दोघं पहिल्यांदा भेटली ती अशी, आरोपी म्हणून, माझ्या टेबलापुढं. पोरगा घामाघूम. मी रागावले, रागवायलाच हवं होतं, कारण त्या पुस्तकाच्या दोनच कॉपी आणि वर्गात साठ पोरं. आमच्या धंद्यात एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं सांगितली, त्यातलं पहिलंच आहे की ग्रंथ उपयोगासाठी असतात. पोरगा उपयोगच करत होता म्हणा, फक्त बाकी एकोणसाठ जणांना करू देत नव्हता. मग मी एक केलं, ती कॉपी संध्याकाळी बंद होताना घरी न्यायची आणि सकाळी उघडायच्या आत परत, अशी रात्रीची सोय सगळ्यांसाठीच चालू केली. ती अजून चालू आहे.

पुढं काय झालं ते सांगते, लग्नबिग्न काही नाही, तुम्ही लगेच तिकडं जाता. त्या पोरानं तिच्या भावाला अख्खं वर्ष रविवारी केमिस्ट्री शिकवली, फुकट. ती दोघं आजही चांगली मित्र आहेत. तिच्या बारशाला तो बायको-पोरांसह आला होता, म्हणजे तिच्या मुलीच्या बारशाला, मी पण होते.

माझं स्वतःचं सांगायचं तर माझा जिवलग मित्र त्या कॉलेजचा विद्यार्थी नव्हताच. १९९६ ची गोष्ट, मी एफ.वाय.ला, योजनेत मुली मोजून चार. मला दिलं बाइंडिंगच्या खोलीत, तिथं एक मामा होते, लायब्ररी अटेंडंट, पन्नाशीचे, चौथी शिकलेले. पहिल्या दिवशी म्हणाले, पोरीचं काम नाही हे. दुसऱ्या दिवशी खळ ढवळायला दिली. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि शेवटी चिमूटभर मोरचूद, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. मोरचूद पडला की पांढऱ्या खळीला हलकी निळसर झाक येते. हात तोंडाला लावायचा नाही, विष आहे ते, हे मामा रोज सांगायचे, तीन वर्षं रोज.

या माणसाला लायब्ररीतलं जवळपास प्रत्येक पुस्तक माहीत होतं आणि एकही पूर्ण वाचलेलं नव्हतं. कारण काय, तर बाइंडिंग करताना पहिलं पान समोर येतं, ते वाचून व्हायचं, मग शिलाई, मग पुट्ठा, मग पुस्तक गेलं. म्हणायचे, पहिली पानं सगळी माझी झालीत, शेवटची तू वाच आणि मला सांग. मी खरंच सांगायला लागले. आधी चेष्टेत, मग सवयच झाली, रात्री होस्टेलवर कादंबरी संपवायची आणि सकाळी खळ ढवळता ढवळता शेवट सांगायचा. मामांचं मत पक्कं असायचं. एका कादंबरीचा शेवट ऐकून म्हणाले, हे बरोबर नाही, पहिल्या पानावर ती बाई असली नव्हती. मी नंतर परत वाचलं तर खरंच, लेखकाची गाडी मध्येच रूळ सोडून गेलेली. मी पुढं साहित्याचे बरेच तास ऐकले, पण एवढं सरळ बोलणारा मास्तर भेटला नाही.

बी.लिब.ची, म्हणजे ग्रंथपालाच्या शिक्षणाची, जाहिरात पेपरात आलीय हे मला मामांनीच कापून आणून दिलं. माझी नोकरी लागली तेव्हा त्यांनी त्यांचं दाभण दिलं, लाकडी मुठीचं, मूठ झिजून अंगठ्याचा खळगा पडलेला. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पडताळणीच्या वेळी फाटकी पुस्तकं निघतात तेव्हा मी ते वापरते, माझा अंगठा त्या खळग्यात नीट बसत नाही, मामांचा हात मोठा होता.

आता वाईट पण सांगते, नाहीतर वाटेल सगळं गोडच असतं. काही वर्षांपूर्वी दोन मुली, अशाच लांबच्या जोडीतल्या, घट्ट मैत्रिणी झालेल्या. एकीची आई दवाखान्यात, ती गावी गेली, आणि दुसरीनं मस्टरवर तिच्या सह्या मारल्या. सहा दिवस, अठरा तास. मला कळलं कारण सहीतला र वेगळा होता. चौकशी केली, तिनं एका मिनिटात कबूल केलं, म्हणाली तिला पैशांची गरज आहे, काम मी दोघींचं केलंय, बघा हवं तर. आणि केलं होतं, रॅक चकाचक होते. मी तरी ते अठरा तास कापले. मस्टर तपासणीला जातं, खोटी सही चालत नाही, आणि एकदा सोडलं की उद्या काम न करता पण सह्या पडतात. बाकीची पोरं माझ्याकडं आली, म्हणाली आमच्यातले एकेक दोन-दोन तास तिच्या नावावर टाका. तसं टाकता येत नाही. मी नाही म्हटलं. पोरांनी मग आपसात वर्गणी काढली आणि मला सांगितलं नाही, ते बरोबरच केलं.

त्या दोघी माझ्याशी वर्ष संपेपर्यंत कामापुरतं बोलल्या. नियमानं मी बरोबर होते, आजही तेच करेन, फक्त आधी त्या गावी गेलेल्या पोरीला फोन करून आई कशी आहे ते विचारेन. ते मी तेव्हा विचारलं नव्हतं.

त्यामुळं तुला एक सांगणं, मैत्री झाली तरी मस्टर ज्याचं त्यानं भरायचं. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत जोडीदाराला उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. मानधन कधीकधी उशिरा येतं, सगळ्यांचेच हात अडकलेले असतात, त्यात पाचशे रुपयांवरून तुटलेल्या दोस्त्या मी बघितल्यात. डबा द्या, नोट्स द्या, रुपये नको.

आता तुझ्या जोडीदाराबद्दल. ती शिष्ट आहे असं तू धरून चाललीयस. एकदा तिचा दिवस मोजून बघ ना, सात वाजता लायब्ररीत म्हणजे ती साडेचार-पाचला उठलेली, स्वयंपाक, डबे, पोराला कुणाकडं तरी सोडणं, मग बस. दहाला सुटली की लेक्चर, मग परत पोरगं. माझ्याकडं अशा बऱ्याच जणी येऊन गेल्या, आणि एकीनं मला सांगितलं होतं की मॅडम दिवसात ह्या तीन तासांतच मला कुणी हाक मारत नाही. तर तिला ते तीन तास शांत मिळू देत. घरचं विचारू नको, नवरा काय करतो, मूल किती वर्षांचं, सासू कशी, हे सगळं तिला दिवसभर सगळेच विचारतात. कामाचं विचार. कादंबरी ८९१.४६३ आणि कविता ८९१.४६१ मग हे दोन्ही असलेलं कुठं लावू, असलं काहीतरी. ती एम.ए. आहे, सांगेल. आणि ज्या दिवशी ती म्हणेल की पाच मिनिटं काउंटर बघतेस का, मला एक फोन करायचाय, त्या दिवशी समज की गाडी सुरू झाली. फोन कुणाचा ते विचारू नको, सांगायचं असेल तर आल्यावर सांगेल.

वर्गातल्या मुलींचं म्हणशील तर उलट कर. त्या यायच्या वेळेला काउंटरवर तूच बस. रॅकमागून फडकं घेऊन अवघडत बाहेर येणारी मुलगी दिसली की लोक कीव करतात नाहीतर कुजबुजतात, पण काउंटरवर बसलेलीशी सगळे गोड बोलतात, कारण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शेवटची कॉपी कुणाकडं गेलीय आणि कधी परत येणार हे फक्त तुला माहीत असतं. माझ्या एका पोरीचं तर असं झालं की जिच्या नजरेला ती घाबरायची तीच मुलगी दुसऱ्या वर्षी फॉर्म घेऊन आली, मला पण नाव द्यायचंय म्हणून. घरी वडिलांचं दुकान बंद पडलेलं, कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर ती पुस्तक बदलायला येत नव्हतीच, काम कसं असतं ते बघायला येत होती.

कॉलेज संपलं की काही मैत्र्या संपतात पण, नंबर बदलतात, लग्न होतात, त्याचं फार मनाला लावून घेऊ नको.

आणि उद्याच एक कर. तुमच्या मॅडमना सांग की जुन्या मासिकांचे आणि पेपरचे गठ्ठे बांधायचं काम आम्हा दोघींना द्या. प्रत्येक लायब्ररीत ते पडून असतं, कुणाला नको असतं, मॅडम खूश होतील. गठ्ठा एकटीला बांधता येत नाही, सुतळी ओढून गाठ मारायची तर दुसरीला गाठीवर बोट ठेवावं लागतं, नाहीतर ढिली पडते. जाताना जुनी ओढणी ने तोंडाला बांधायला, धूळ फार असते त्यात, आणि एक जास्तीची ने, ती बहुतेक विसरून येईल.